पटावर अपंग मुलं कमी दिसतात, एवढ्यावरून भेदभाव म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमच्या संस्थेला शाळा, पोलीस आणि अपंगांसाठीच्या सोयी अशा तीन भागांचा विषमता अहवाल काढायचाय. हाताशी दोन माणसं आणि तीन महिने आहेत. यूडायसचे (देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीचे) आणि तुरुंगांचे आकडे तुम्ही उतरवून घेतलेत. तुमच्या भागातल्या शाळांच्या पटावर अपंग मुलं एक टक्क्याच्याही खाली दिसतात आणि तुरुंगात अनुसूचित जातींचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त दिसतो. एवढ्यावरून भेदभाव होतो असं लिहिता येईल का? येत नसेल तर आणखी कुठले आकडे गोळा करायचे, आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागेल का?

एवढ्यावरून लिहिता येणार नाही. आणखी आकडे गोळा करूनही फार फरक पडणार नाही. तुमच्याकडचा प्रत्येक आकडा कुणाच्या तरी निर्णयातून आलाय आणि तो निर्णय कुठे, कुणी घेतला हे अजून तपासलेलं नाही, खरी अडचण ती आहे. मुख्याध्यापकांनी एखाद्या मुलाची 'विशेष गरजा असलेलं' अशी नोंद केली, पोलिसांनी एखाद्याला अटक केली, न्यायालयाने एखाद्याचा जामीन नाकारला, तेव्हा कुठे तक्त्यात एकाची भर पडते. म्हणजे ज्या यंत्रणेचं वागणं तपासायचंय, तिच्याच हातच्या नोंदी आपण पुरावा म्हणून पुढे करतोय. त्या वापराव्या लागतातच, दुसरं असतं काय आपल्याकडे! पण त्या वाचायची पद्धत वेगळी असते.

आधी अपंग मुलांचं बघू. एक टक्का कमी की जास्त, हे छेदात काय धरलंय त्यावर ठरतं. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के लोक अपंग म्हणून नोंदले गेले. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही प्रमाण २.२ टक्क्यांवरच थांबलं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज मात्र जगभरासाठी १६ टक्क्यांचा आहे. त्यात म्हाताऱ्या माणसांचा वाटा मोठा असतो, मुलांमध्ये प्रमाण कमीच निघणार, हे धरूनही ही तफावत शारीरिक फरकामुळे आलेली नाही. ती विचारण्याच्या पद्धतीतून येते. प्रगणक दारात उभा राहून 'घरात कोणी अपंग आहे का' असं विचारतो. ऐकू कमी येणाऱ्या आजीला घरचे अपंग समजत नाहीत, आणि जिचं लग्न व्हायचंय अशा मुलीबद्दल सांगत नाहीत.

यावर वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी गटाने सहा प्रश्नांचा संच तयार केलाय. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला त्रास होतो का, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष द्यायला, अंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः करायला, नेहमीच्या भाषेत आपलं म्हणणं सांगायला नि दुसऱ्याचं समजून घ्यायला. उत्तरं चारच: त्रास नाही, थोडा होतो, खूप होतो, अजिबात जमत नाही. एका तरी प्रश्नाला 'खूप' किंवा त्यापुढचं उत्तर आलं की ती व्यक्ती मोजायची. अपंग हा शब्द तोंडातून एकदाही काढायचा नाही. मुलांसाठी हा संच अपुरा पडतो, म्हणून युनिसेफबरोबर २०१६ मध्ये २ ते १७ वयोगटासाठी वेगळी प्रश्नावली आली. ती आईला किंवा मुलाला सांभाळणाऱ्याला विचारतात आणि तिच्यात 'त्याच्या वयाच्या इतर मुलांच्या मानाने' अशी तुलना असते. तुमच्या कामाला हीच घ्या.

आता तुमचा एक टक्का. तो दोन अगदी वेगळ्या कारणांनी खाली येऊ शकतो. एक, अपंग मुलं शाळेत आलेलीच नाहीत. दोन, ती वर्गात बसलीत पण कुणी ओळखलेलं नाही. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागच्या बाकावर गप्प बसणारं मूल पटावर असतं, 'अपंग' या रकान्यात नसतं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. त्यात अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया असे नजरेला न दिसणारे प्रकारही आले. ते ओळखायला विशेष शिक्षक लागतो, आणि बऱ्याच लाभांसाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या खेपा आल्या. जिथे विशेष शिक्षक टिकून आहे आणि शिबिरं वेळेवर होतात, तिथे रकान्यातला आकडा फुगतो. दोन तालुके शेजारी ठेवून 'इथे कमी म्हणजे इथे जास्त अन्याय' असं लिहिलंत, तर त्यातला एखादा तालुका केवळ चांगलं काम करतो म्हणून वेगळा दिसत असेल. मूल शाळेबाहेर असेल तर उपाय घरापर्यंत पोचण्याचा, वर्गात असून न ओळखलेलं असेल तर तपासणीचा. अहवालात हे दोन्ही एकत्र कालवले की शिक्षणाधिकारी एक परिपत्रक काढून मोकळे होतात.

यूडायस वापरताना आणखी एक पथ्य पाळा. २०२१-२२ पर्यंत शाळा एकूण आकडे भरून देत. २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची नोंद सुरू झाली. देशाची पटसंख्या २६.५२ कोटींवरून २५.१७ कोटींवर आली आणि 'एवढी मुलं गेली कुठे' अशा बातम्या आल्या. त्यातली किती खरोखर गळाली आणि किती नावं दोन शाळांच्या पटांवर होती, हे एकूण बेरजेवरून कळत नाही. मंत्रालयानेही दोन्ही काळांची थेट तुलना करू नये असं सांगितलंय. म्हणून पाच-सहा वर्षांचा आलेख काढणार असाल तर तिथे रेघ तोडा.

तुरुंगांच्या आकड्यांत निराळी गफलत होते. 'प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया' हा अहवाल ३१ डिसेंबरला तुरुंगात किती माणसं होती ते सांगतो. २०२२ अखेर ५,७३,२२० बंदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. शंभरात पंचाहत्तरांहून जास्त. त्या कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचा वाटा साधारण एक पंचमांश असतो, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १६.६ टक्के होता. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण तो कुठे तयार झाला?

समजा एकाच दिवशी, एकाच आरोपाखाली दोघांना अटक झाली. पहिल्याला वकील मिळाला, जामीनदार मिळाला, तो चौथ्या दिवशी घरी. दुसऱ्याला जामीन मंजूर झाला, पण सातबारा किंवा पगाराची स्लिप असलेला जामीनदार उभा करता आला नाही, म्हणून तो सहा महिने आत. ३१ डिसेंबरच्या मोजणीत दुसराच सापडण्याची शक्यता कितीतरी पट जास्त. म्हणजे अटकेत काडीचा पक्षपात नसतानाही तुरुंगातल्या मोजणीत तफावत दिसेल. विषमता खरीच, पण ती जामिनाच्या टप्प्यावरची. तुम्ही 'पोलिसांचा पक्षपात' असं शीर्षक दिलंत तर पोलीस अधीक्षक एका वाक्यात ते खोडतील, आणि न्यायालयीन टप्प्यावरचा खरा मुद्दा तुमच्या हातून निसटेल. आत किती आहेत आणि वर्षभरात आत किती आले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

याचा अर्थ पोलिसांचं वागणं मोजताच येत नाही असा नाही. न्यूयॉर्क शहराविरुद्धचा फ्लॉइड खटला बघा, निकाल ऑगस्ट २०१३ चा, न्यायाधीश शिरा शाइंडलिन. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात तिथल्या पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना रस्त्यात अडवलं. त्यात ५२ टक्के वेळा समोरची व्यक्ती कृष्णवर्णीय होती, शहरात त्यांचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास. शहराचं म्हणणं असं की लोकसंख्येशी तुलना चुकीची आहे, गुन्ह्यांतल्या संशयितांच्या वर्णनाशी करा, मग तफावत उरत नाही. सगळा खटला छेदावर येऊन ठेपला. न्यायाधीशांनी शहराचा छेद मान्य केला नाही, आणि त्यामागचं कारण मला आजही फार नेटकं वाटतं. अडवलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के लोकांवर पुढे ना अटक झाली ना समन्स निघालं. ज्यांनी काही केलंच नव्हतं, त्यांची तुलना गुन्हेगारांच्या यादीशी कशी करणार? शिवाय शस्त्र सापडण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत १ टक्का होतं आणि गोऱ्यांत १.४ टक्के. कमी संशयावरही कृष्णवर्णीयांना अडवलं जात होतं, याच्याशी जुळणारा हा आकडा. एकटा पुरावा म्हणून तो लंगडा आहे, कारण दोन गटांत शस्त्र बाळगणाऱ्यांचं वाटप वेगळं असेल तर पक्षपात नसतानाही असा फरक पडू शकतो. बाकीच्या पुराव्यांशी जोडून मात्र तो बोलका ठरतो.

हा अभ्यास होऊ शकला, कारण तिथे प्रत्येक अडवणुकीला एक फॉर्म भरावा लागे. आपल्याकडे नाकाबंदीत थांबवून, चौकशी करून सोडून दिलेल्या माणसाची अशी व्यक्तिगणिक नोंद लोकांना उपलब्ध नसते. आपली नोंद अटकेपासून सुरू होते. त्याआधीचा सगळा पक्षपात कागदाबाहेर राहतो. फक्त अटक झालेल्यांत तुलना करून 'सगळ्यांना सारखीच वागणूक' असा निष्कर्ष काढणारे अहवाल मी बरेच वाचलेत. एखाद्या गटाला क्षुल्लक कारणावरूनही अटक होत असेल, तर त्या गटातल्या अटकांत साधी प्रकरणं जास्त मिसळतात आणि पुढची वागणूक उलट सौम्यच दिसते.

आपल्या संदर्भात जुनी यादीही ध्यानात ठेवा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांवर जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांबाबतचे राज्यांचे कायदे आले आणि नजर त्याच वस्त्यांवर राहिली. जिथे आधी शोधलं तिथेच पुन्हा शोधायचं, सापडलं की नोंद वाढते आणि ती नोंद पुढच्या झडतीला कारण ठरते. त्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. निकाल योग्यच आहे. पण तुम्ही तुरुंगातल्या नोंदवह्यांवर काम करणार असाल तर कुठल्या वर्षाची नोंद आहे आणि त्यात जात कशी आली, हे आधी विचारून घ्या.

मग शोधायचं कुठे? माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे: जिथे अधिकाऱ्याला मोकळीक आहे तिथे. टेक्सासमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेला शाळांमधल्या शिस्तीचा अभ्यास नमुनेदार आहे, आणि गंमत म्हणजे तुमचे तिन्ही विषय त्यात एकत्र येतात. जवळजवळ दहा लाख विद्यार्थ्यांचा सातवीपासून सहा वर्षं माग काढला. सुमारे ६० टक्के मुलांना एकदा तरी वर्गाबाहेर किंवा शाळेबाहेर काढलेलं होतं. संशोधकांनी या शिक्षांची दोन भागांत फोड केली. राज्याच्या कायद्याने शाळेवर बंधनकारक असलेल्या शिक्षा जेमतेम ३ टक्के. बाकी सगळ्या शाळेच्या मर्जीतल्या. बंधनकारक शिक्षांमध्ये कृष्णवर्णीय मुलं जास्त सापडली नाहीत. मर्जीतल्या शिक्षांमध्ये मात्र, बाकी सगळं सारखं धरूनही, त्यांना शिक्षा होण्याची शक्यता गोऱ्या मुलांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. काही विशिष्ट प्रकारच्या अपंगत्वाची मुलंही अशीच भरडली गेली होती, आणि वारंवार शिक्षा झालेल्या मुलांचा पुढे बालन्यायालयाशी संबंध येण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. 'ही मुलंच जास्त दंगा करतात' हा हमखास येणारा युक्तिवाद त्या एका फोडीने लंगडा पडला. तसं असतं तर ती बंधनकारक शिक्षांतही जास्त दिसायला हवी होती.

हीच फोड तुम्हाला तुमच्या कामात करता येईल. तुरुंगाच्या बाबतीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ घ्या. पहिल्यांदाच गुन्हा करणारा कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला, इतर कैदी निम्मा काळ राहिला, तर सुटकेसाठी पात्र ठरतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असलेल्यांना ते लागू नाही. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची कच्च्या कैद्यांची आढावा समिती अशी नावं बघते. पात्र ठरलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती सुटले, हे गटवार काढा. इथे छेदावर वाद घालायला जागाच कमी उरते, कारण छेद कायद्यानेच ठरवून दिलाय.

आता सोयी. माझ्या मते तुमच्या तीन महिन्यांचा सगळ्यात चांगला उपयोग इथे होईल. यूडायसच्या २०२१-२२ च्या अहवालात कठड्यासह रॅम्प असलेल्या शाळा देशभरात साधारण निम्म्या होत्या, आणि अपंग मुलांना वापरता येईल असं स्वच्छतागृह असलेल्या सुमारे २७ टक्के. पण हे 'हो/नाही' शाळा स्वतः भरते. जमिनीवर काय असतं ते टेप घेऊन बघा. मानक उतार १:१२ आहे, म्हणजे वर्गाचं जोतं ४५ सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. पुष्कळदा पायऱ्यांच्या बाजूला दोन मीटरचा सिमेंटचा घसरता पट्टा असतो. फोनमधलं लेव्हल अ‍ॅप त्यावर ठेवलं तर पावणेपाच अंशांऐवजी बारा-तेरा अंश दाखवतं. त्यावरून चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही, आणि उतरताना तर ती धोक्याचीच. कठडा एका बाजूला, तोही मध्येच संपलेला. वर पोचल्यावर दाराला उंबरा. स्वच्छतागृह असतं, पण कुलूप घातलेलं, आत मोडके बाक, किंवा दार आतल्या बाजूला उघडतं आणि खुर्ची आत गेल्यावर ते लावताच येत नाही. फॉर्मवर या शाळेपुढे दोन वेळा 'हो'.

म्हणून तपासणीपत्रकात 'रॅम्प आहे का' हा प्रश्नच ठेवू नका. जोत्याची उंची, रॅम्पची लांबी, दाराची मोकळी रुंदी, कुलूप आहे का नि किल्ली कुणाकडे, एवढं लिहा. फाटकापासून वर्ग, पाणी, स्वच्छतागृह आणि परत, असा पूर्ण मार्ग घ्या. तो एका जागी तुटला की सगळाच तुटला. शक्य असेल तर चाकाची खुर्ची वापरणारी आणि पांढरी काठी वापरणारी व्यक्ती पाहणीत मानधन देऊन घ्या. त्यांना जे पाचव्या मिनिटाला कळतं ते आपल्याला टेपने कळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला बंधनकारक नियम करायला सांगितलं. त्यामुळे मोजमापासह केलेल्या पाहणीला आता वजन आहे.

इथवर आलोय तर 'भेदभाव' या शब्दाबद्दलही सांगतो. तो वापरायला कुणाचा वाईट हेतू सिद्ध करावा लागतोच असं नाही. मार्च २०२१ च्या नितीशा प्रकरणात, लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभाव मान्य केला. वरवर सगळ्यांना सारखा असलेला निकष एका गटाला जास्त मारत असेल तर तोही भेदभावच. पण त्यासाठी कुठला निकष, हे बोट ठेवून दाखवावं लागतं. 'पगाराची स्लिप असलेला जामीनदार' हा निकष आहे. 'व्यवस्था' हा निकष नव्हे.

माझा सल्ला असा की तीनपैकी एकच भाग खोलात करा. कुठला, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. शाळांमध्ये तुमच्या संस्थेची ऊठबस असेल तर सोयींची पाहणी आणि एक-दोन गावांत घरोघर मुलांची प्रश्नावली. जिल्हा न्यायालयात विधिसेवेचं काम करणारा वकील ओळखीचा असेल तर कलम ४७९. पोलिसांच्या अटका मी पहिल्या अहवालात घेणार नाही. माहिती अधिकारात 'जातवार अटकांची संख्या द्या' असं लिहिलंत तर तीस दिवसांनी 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. त्याऐवजी कलम २(ञ) खाली अभिलेखांची पाहणी मागावी, म्हणजे नोंदवही समोर ठेवा, आम्ही मोजतो. हे चालतं, पण पहिलं अपील धरून तीन महिन्यांत आटोपत नाही. अर्ज मात्र आजच टाकून ठेवा, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

छापताना तक्त्यातल्या ज्या चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं येतात ती चौकट रिकामी ठेवा. गावाचं नाव, इयत्ता आणि 'दृष्टिदोष – १' एवढं छापलं की ते मूल कोण हे गावाला कळतं, मग नाव लपवून काही उपयोग नाही. बेरजेतून वजा करून ती संख्या काढता येणार नाही ना, हेही बघा. ही चूक बऱ्यापैकी मोठ्या संस्थांच्या अहवालांतही दिसते.

सॉफ्टवेअर वेगळं लागणार नाही. शंभरेक शाळांची पाहणी साध्या एक्सेलमध्ये आरामात बसते. प्रत्येक ओळीला तीन जादा रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा: मूळ नोंदीचा किंवा जागेचा फोटो क्रमांक, कुणी मोजलं, आणि कोणत्या तारखेला. अधिकारी आकडा नाकारतात तेव्हा नेमकं हेच विचारतात.